बाजारात ओळख द्यायची नाही

बाळापूर,
१० जानेवारी २०२५

आरतीताई,

फोन नदीत गेला. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे मी फोन काहून उचलून नाही राहिलो याचा तुझा राग निम्मा तरी उतरंल. इथं मन नदीच्या काठी जुनी दगडी छत्री आहे. तिचा फोटो काढाले गेलो, तर एक बकरी नेमकी कठड्यावर येऊन उभी राहिली, जशी काही छत्री तिच्याच बापानं बांधली. तिले सोडून नुसत्या दगडाचा फोटो कोण काढंल? मी मागं मागं सरकलो, पायाखालचा दगड हलला, अन् फोन गेला. बकरी सुखरूप आहे. नवा फोन पहिल्या पगारावर. तवापर्यंत बँकेची टपालथैली रोज अकोल्यावरून अमरावतीले जाते, तिच्यात ही चिठ्ठी टाकून राहिलो. इथले मॅनेजर गयासुद्दीनभाई म्हणाले, "पाकीट चिटकव बेटा. थैली उघडणाऱ्याले वाचाची लय आवड आहे."

आता कामाचं. तू सांगतलं होतं की आपल्या पूर्णाकाठ बँकेच्या शाखाशाखाइत जायचं, माणसाइले इचारायचं की तुमाले काय येते, काय माहीत आहे, अन् लिहून आणायचं. दर्यापूरच्या शाखेत हे एका दुपारात झालं. तिथं भिंतभर सर्टिफिकेटं, फ्रेम केलेली. इथं भिंतीवर एक कॅलेंडर आहे, तेही किराणा दुकानाचं.

माणसं दोनच. एक हे गयासुद्दीनभाई. त्याइले इचारलं तर म्हणाले, "अरे बावा, मले काय येते? मले मे महिन्यात रिटायर होता येते." अन् काउंटरवर कहकशाँआपा. त्याइले म्हटलं, "तुमाले काय माहीत आहे?" त्या म्हणाल्या, "कोणाबद्दल?" मी म्हटलं, "कोणाबद्दल नाही, असंच. ज्ञान." त्याइनं माह्याकडे असं पायलं, जसा मी फाटकी नोट चालवाले आलो. मग त्या मले शाखेच्या काही रिती सांगाले लागल्या, इथं असं वागायचं, तसं नाही. पण तेवढ्यात बाहेरून वरातीचा बँड गेला, अन् त्यातला क्लॅरिनेटवाला माह्या ओळखीचा निघाला! मोझरीले मी आश्रमाच्या भटारखान्यात होतो ना, तवाचा. मी धावलो. परत आलो तर आपा कामात.

ताई, खरं सांगू? धाकधूक होऊन राहिली. माह्या हातून आजवर एकही काम शेवटाले गेलं नाही, अन् या शाखेबद्दल लिहाले तर काहीच नाही.

तुझा,
नितेश

*

अमरावती,
१४ जानेवारी २०२५

नितेश,

आज संक्रांत. थैलीतून तिळगूळ पाठवते आहे. चिकटवलेलं पाकीट फोडणाऱ्याला आधी तोच सापडेल, म्हणजे चिठ्ठी तरी वाचेल.

तुला हे काम नीट समजावलंच नव्हतं. आता समजावते, कारण माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

आपले अध्यक्ष खुशालराव दिवाळीआधी पुण्याला एका परिषदेला गेले होते. तिथून एक खूळ घेऊन आले, आणि मला ते मनापासून आवडलं. बँकेची इमारत, तिजोरी, संगणक, खुर्च्या सगळं ताळेबंदात लिहिलं जातं. पण बँकेच्या माणसांना जे ठाऊक असतं, कामाच्या ज्या पद्धती अंगवळणी पडलेल्या असतात, आणि लोकांचा जो विश्वास असतो, त्याची नोंद कुठेच नाही. ती न दिसणारी मालमत्ता मोजा आणि यंदाच्या वार्षिक अहवालात छापा, असं ते म्हणाले. मी हौसेनं तक्ता केला. माणसं, पद्धती, संबंध असे तीन खाने, आणि प्रत्येक शाखेला गुण.

मागच्या आठवड्यात साहेब म्हणाले, "तक्ता चांगला आहे. मार्चच्या सभेत यावरूनच ठरवू, कोणती शाखा बंद करून अकोल्यात मिळवायची ते." म्हणजे दोरी वळली मी, आणि फास दुसऱ्याच्या गळ्यात. सध्या तळाला आहे बाळापूर.

माझी नोकरी तिथूनच सुरू झाली. सहाच महिने होते, पण कहकशाँनं हात धरून शिकवलं. शाखा अकोल्याला गेली तर तिची बदली होईल, ते एक वेळ सोड. तिथे येणाऱ्या बायका अकोल्याला जाणार नाहीत. घरी काय सांगून जातील?

त्या शाखेत काहीतरी आहे. मला ते नेमकं सांगता येत नाही. म्हणून तुला धाडलं. विचारू नकोस, बघ. तू बघतोस चांगलं, फक्त एकीकडे बघत नाहीस. हे काम नीट झालं तर एप्रिलपासून एका मुलाला कायम घेऊ, असं साहेबांनी कबूल केलंय. तुझं नाव अजून सांगितलेलं नाही. तुझ्या आईला, मावशीलाही बोलू नकोस.

आरती

*

बाळापूर,
२५ जानेवारी २०२५

आरतीताई,

सापडलं! तुले वाटलं नसंल, पण मी एकीकडेच पाहून राहिलो होतो. मधात एक दिवस हुरडा खाले गेलो, तो सोडून दे.

या शाखेले मागून एक दार आहे. ते बांगडीवाल्याच्या गल्लीत उघडते. दुपारी जेवणाच्या वक्ताले, जवा पुढं कोणी नसते, तवा बाया तिकून येतात. बांगड्या भराले म्हणून गल्लीत शिरल्या, अन् इकडं बँकेत! घागऱ्यातल्या, बुरख्यातल्या, नऊवारीतल्या, सगळ्या तऱ्हेच्या. कहकशाँआपा कोणाचंच नाव घेऊन हाक मारत नाहीत. डोळ्यानंच बोलावतात. घरी कागद पाठवत नाहीत, फोनवर मेसेज जात नाही, कारण फोन तर पोराच्या हातात राहते. कोणत्या बाईशी कोणासमोर बोलायचं नाही, कोणाची सून कोणाच्या मोठ्या जावेसंगं एकाच वेळी आली तर कोणाले स्टोअररूममधी बसवायचं, हे सगळं आपाच्या डोक्यात. कुठंच लिहिलेलं नाही.

मैनाबाईचंच घे. दूध विकते. तिची पोरगी दर्यापूरले आहे, आपल्या मनानं लगन केलं तिनं. तवापासून पोरगा म्हणते, माही बहीण मेली. मैनाबाई दुधाच्या पैशातले थोडे थोडे त्या पोरीसाठी इथं ठेवते. पोराले कळलं तर गोठ्याचं कुलूपच बदलंल म्हणे. हे तिनंच मले सांगतलं. मी तिले बसाले स्टूल दिला होता, म्हणून.

म्हणजे माणसं अन् पद्धती, दोन्ही खाने भरले. पण ताई, तिसऱ्या खान्यात, संबंध, आपाले शून्य द्यावं लागंल. वाईट वाटते, पण खरं ते लिहितो. काल बाजाराच्या दिवशी मी त्याइच्यासंगं भाजी घ्याले गेलो. समोरून मैनाबाई आली. अगदी नाकासमोर! अन् आपानं तिले ओळखसुद्धा दाखवली नाही. वांगी पाहत राहिल्या. मले असं झालं की बापा, बँकेत येवढी माया अन् रस्त्यावर येवढी घमेंड? गरीब बाईले काय वाटलं असंल! बँकेची इज्जत राखाची म्हणून मग मीच पुढं झालो. मोठ्यानं रामराम घातला. "काय मैनाबाई, ओळखलं का? मागच्या दारापाशी स्टूल नाही का दिला होता मी तुमाले, बँकेत?"

तिनं नाही ओळखलं. "कोन रे हा?" म्हणाली. वय झालं बिचारीचं. संगं एक मिशीवाला माणूस थैली धरून होता, तो मात्र माह्याकडे लय वेळ पाहत होता. लोकाइले आपलेपण आवडते.

तुझा,
नितेश

*

अमरावती,
२८ जानेवारी २०२५

नितेश,

शाखेच्या फोनवर हे बोलता येत नाही, तो गयासुद्दीनभाईंच्या टेबलावर असतो आणि समोर ग्राहक बसलेले. म्हणून तातडीनं लिहिते.

तो मिशीवाला कोण होता?

मैनाबाईला तू नेमकं काय काय म्हणालास, शब्द न् शब्द कळव. "बँक" म्हणालास का? "मागचं दार" म्हणालास का?

अरे, ती घमेंड नाही. तीच तर रीत आहे. बाळापूर शाखेच्या माणसानं बाजारात, लग्नात, मयतीत, कुठंच ग्राहक बाईला ओळख द्यायची नाही. ती समोर आली तर वांगी बघायची. कहकशाँनं पहिल्याच दिवशी मला हे सांगितलं होतं. तुलाही सांगत असेल, तेव्हा तू बँडमागे धावलास. आणि मी तरी कशी! सहा महिने मीही वांगी बघत होते, पण ते काही ज्ञान आहे, त्याची कुठे नोंद व्हावी, असं माझ्या डोक्यातच आलं नाही. पदर सावरावा तसं ते होतं.

कोणाशी बोलू नकोस. रामरामसुद्धा नको.

आरती

*

बाळापूर,
३० जानेवारी २०२५

ताई,

तो सूर्यभान होता. तिचा पोरगा.

"बँक" म्हणालो. "मागचं दार" पण म्हणालो.

कहकशाँआपाले काल सगळं सांगतलं. त्याइनं ऐकलं अन् लेजर पुढं ओढलं. शिव्या देतल्या असत्या तर बरं वाटलं असतं. गयासुद्दीनभाईनं चहा पाजला अन् म्हणाले, "बेटा, तू दिल का अच्छा है, मुसीबत यही है."

मैनाबाई काल आली नाही. आजही नाही. मी मागच्या दाराकडे पाहत बसलो राहतो. खाली मान घालून निघून जावं असं वाटते. जाऊ का?

नितेश

*

बाळापूर,
१३ फेब्रुवारी २०२५

आरती मॅडम,

आदाब. तुम्ही इथे होतात तेव्हा मी तुम्हाला "आरती" म्हणायचे. आज मॅडमच म्हणते, कारण काय लिहायचं आहे ते मॅडमला लिहिणं सोपं जाईल.

तुमच्या अहवालाचा मसुदा पडताळणीसाठी शाखेत आला. भाषा सुंदर आहे. बाळापूरला एकदम वर चढवलंय. त्यात चौकट करून लिहिलंय: "एक ज्येष्ठ दूधविक्रेती महिला, मुलाला न कळू देता, दर्यापूरच्या आपल्या मुलीसाठी या शाखेत ठेव ठेवते." नाव लिहिलं नाही म्हणजे झाकलं, असं तुम्हाला वाटलं का? बाळापुरात दूध विकणारी आणि दर्यापूरला मुलगी असणारी दुसरी बाई मला दाखवा. हा अहवाल संचालकांना जाईल. संचालकांत महादेवराव आहेत. सूर्यभान त्यांच्याच कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहे.

नितेश बाजारात एकदा बोलला. तुम्ही तेच हजार प्रतींत बोलणार आहात.

इथली हालत सांगते. सूर्यभान परवा काउंटरवर आला. म्हणाला, "माझ्या मायचं खातं आहे काय इथं?" मी विचारलं, "कोण माय?" तो म्हणाला, "मैनाबाई." मी म्हटलं, "भाऊ, मी नाही ओळखत." त्याला पटलं नाही. तो पोट्टा बँकेचाच आहे ना, असं विचारत होता. गयासुद्दीनभाईंनी सांगितलं, वरच्या खोलीतला भाडेकरू आहे, डोक्यानं जरा हललेला. सूर्यभाननं अजून आईला काही केलेलं नाही, पण आता दूध घालायला स्वतः जातो. ती घरात आहे.

आणि बातमीला पाय असतात. मागच्या दारानं येणाऱ्या बायका निम्म्यावर आल्या. त्यातल्या नईमानं तर बांगडीवाल्याच्या हाती निरोप धाडला की तिचं खातं मोडून टाका. समोर जास्त व्याज देणारी बँक उघडली, तेव्हा यातली एकही हलली नव्हती. एका रामरामानं हलल्या.

मी रागावले आहे. नितेशवर कमी. त्याला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं.

कहकशाँ

*

अमरावती,
१५ फेब्रुवारी २०२५

प्रिय कहकशाँ,

ती चौकट मी काढली. तुझी चिठ्ठी वाचली आणि उभ्या उभ्याच काढली. माफी मागत नाही, माफीनं भागावं असं हे काम नाही.

का लिहिलं ते मात्र सांगते. इतके दिवस जे शोधत होते ते सापडलं, या आनंदात लिहिलं. शाखा वाचेल म्हणून लिहिलं. मसुदा तुझ्याखेरीज फक्त खुशालरावांकडे गेलाय. त्यांना ती चौकट इतकी आवडली की म्हणाले, "पहिल्या पानावर घ्या, बाईचा फोटो मिळाला तर पाहा." चौकट काढल्याचं त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आता बाळापूर पुन्हा तळाला आहे. जे तुमच्याकडे आहे ते नोंदवलं की नासतं, आणि न नोंदवावं तर शाखा जाते. दिवसभर हेच डोक्यात घोळतं.

तुझ्या चिठ्ठीतल्याच एका वाक्यानं थोडी वाट दिसते. समोर जास्त व्याजाची बँक असूनही तुझ्या बायका गेल्या नाहीत. का गेल्या नाहीत ते न सांगता, गेल्या नाहीत एवढंच दाखवता येईल. असं दुसऱ्या कुठल्याच शाखेत झालेलं नाही. पण साहेब फेब्रुवारीअखेरचा आकडा मागतील. त्या परतल्या तरच तो दाखवता येईल.

त्या परततील असं काही करता येईल का? मला इथे बसून काही सुचत नाही. आणि त्या पोराला जाऊ देऊ नकोस. एकदा निघाला की तो आयुष्यभर निघतच राहील.

आरती

*

बाळापूर,
२८ फेब्रुवारी २०२५

आरतीताई,

आता मी बाळापूरचा सरकारमान्य येडा आहो. सगळ्यात पहिले तुले सांगतो, म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून ऐकून तुले धक्का नको बसाले.

अक्कल गयासुद्दीनभाईची. तुझी चिठ्ठी आपानं वाचून दाखवली. मी कोपऱ्यात, मेलेल्या कोंबडीसारखा. भाई बराच वेळ दाढी खाजवत होते. मग म्हणाले, "एकाच बाईले सलाम केला म्हणून ती फसली ना? तर अब सबको करो."

मले समजलंच नाही. आपाले समजलं. त्या पहिल्यांदा हासल्या, तीन आठवड्यांत पहिल्यांदा. म्हणाल्या, "भाईंनी तर याला सूर्यभानसमोर हललेला म्हटलंच आहे. आता हलून दाखव."

तर ताई, दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेलो. पहिला भेटला तो केळेवाला. त्याले म्हटलं, "काय काका, ओळखलं का? बँकेत मागच्या दारापाशी स्टूल दिला होता मी तुमाले!" तो म्हणाला, "कोन्या बँकेत रे भैताडा?" मग पोस्टमन. मग मशिदीतून निघालेले एक बुजुर्ग. मग रसवंतीवर ऊस घालणारा. मग ट्रॅफिक हवालदार, त्यानं तर दंडुकाच उचलला. एका बैलालेही म्हटलं, तवा पोट्टे मागं लागले. चारपाच दिवसात मी गल्लीत शिरलो की तेच ओरडत, "ओ स्टूलवाले, आमाले स्टूल द्या!"

मजा नव्हती व ताई ही. मोझरीत, दर्यापुरात, जिथं गेलो तिथं माही एक ओळख होती, की हा पोरगा टिकत नाही पण माणूस बरा आहे. तेवढीच माही पुंजी होती. ती मी रोज सकाळी बाजारात नेऊन उधळत होतो.

सूर्यभान मात्र भेटून नाही राहिला. अन् तो भेटल्याबिगर उपेग काय? शेवटी परवा भेटला, चहाच्या टपरीवर, जिनिंगच्या चार माणसाइत. वाटलं हा आता कानाखाली काढते. डोळे मिटले अन् म्हटलं, "काय दादा, ओळखलं का? बँकेत मागच्या दारापाशी..."

सगळी टपरी फुटली हासून. एकजण म्हणाला, "सूर्यभान, तुहं बी खातं हाय काय बे मागच्या दारानं?" सूर्यभान आधी लाल झाला. मग त्यानं माह्याकडे पायलं, अन् मले वाटते त्याच्या मनात गाठ सुटली. कपाळावर हात मारला त्यानं. "अबे हाच येडा माह्या मायले बी असंच म्हणाला होता! मी तिच्यावर महिनाभर तोंड फुगवून!" मग मले चहा पाजला. ताई, इतका कडू चहा मी कधी पेलो नाही, साखर चांगली दोन चमचे होती तरी.

काल दुपारी जेवणाच्या वक्ताले मागचं दार वाजलं. मी वरच्या खोलीत होतो, मले खाली याची मनाई आहे. आपाचा आवाज आला नाही, कोणाचाच आला नाही. फक्त स्टूल सरकल्याचा आला.

नईमानं खातं मोडलं नाही.

तुझा,
नितेश

*

अमरावती,
८ मार्च २०२५

नितेश,

काल सभा झाली. बाळापूर एक वर्ष राहिली. पुढच्या मार्चला पुन्हा बघू म्हणाले. एक वर्ष म्हणजे काही खूप नव्हे, पण मी काल पोटभर जेवले.

सगळं सांगते. खुशालरावांनी अहवाल उघडला आणि पहिल्या पानावर ती चौकट नाही बघून चष्मा काढला. "ती दूधवाली बाई कुठे गेली?" मी म्हणाले, "साहेब, ती नोंद घेण्याजोगी नव्हती." "मग बाळापूरच्या संबंधांच्या खान्यात काय आहे?" मी आकडा दाखवला. बाकी सगळ्या शाखांच्या ठेवी समोरच्या बँकांकडे थोड्या थोड्या सरकल्या, बाळापूरच्या महिलांच्या सरकल्या नाहीत. ते म्हणाले, "कारण?" मी म्हणाले, "कारण शाखेला ठाऊक आहे. कारण छापलं की आकडा पडेल." त्यांनी पेन खाली ठेवलं. "मला खासगीत सांगाल?" "नाही, साहेब." मग ते हसले आणि म्हणाले, "पुण्याच्या परिषदेत हे कोणी सांगितलं नव्हतं बुवा." आणि खाली सही केली.

इथपर्यंत चांगलं. आता वाईट.

चहाच्या वेळी महादेवराव म्हणाले, "बाळापुरात तुमच्या शाखेच्या वर एक येडा पोरगा राहतो म्हणे, स्टूलवाला. आमच्या जिनिंगमध्ये त्याच्यावर हसण्यात निम्मा दिवस जातो. तो बँकेचा माणूस आहे काय?" सगळे माझ्याकडे वळले. मी "हो" म्हणाले असते, तर तू खरंच बँकेत बसत होतास हे संध्याकाळपर्यंत सूर्यभानला कळलं असतं. आणि मैनाबाईबद्दलची त्याच्या मनातली गाठ पुन्हा बसली असती.

मी म्हणाले, "नाही. मी त्याला ओळखत नाही."

नितेश, त्यानंतर एप्रिलच्या जागेसाठी तुझं नाव कोणत्या तोंडानं सांगू? ती जागा गेली. माझ्या मावशीच्या पोराला मी भरल्या सभेत ओळख दिली नाही. वांगी बघत बसले.

तू रागाव. रागावलास तरी चालेल, पण इकडे ये. घरी ये.

आरतीताई

*

दर्यापूर,
१६ मार्च २०२५

आरतीताई,

रागावलो नाही. इथं जीपवाल्याकडे काम मिळालं, पॅसेंजर बसवाचं. हे टिकंल की नाही मले माहीत नाही. नवा फोन घेतला नाही, काहून की पगाराचे पैसे त्या क्लॅरिनेटवाल्याले देतले, त्याचं वाजवणंच गहाण पडलं होतं. ते मग सांगीन.

आजची गोष्ट सांगाची आहे, म्हणून लिहून राहिलो.

सकाळी अकोल्यावरून दर्यापूरची जीप भरून राहिलो होतो. मधल्या सीटवर दोन बाया चढल्या. एक मैनाबाई. दुसरी तिची शेजारीण पार्बताबाई, जिचं तोंड म्हणजे गावचा भोंगा. त्या कोणाच्या तरी लग्नाले दर्यापूरले चालल्या होत्या, म्हणजे मैनाबाई घरी तसं सांगून आली होती. पार्बताबाईनं मले पायलं अन् ओरडलीच, "माय व! मैना, हा पाय! हा तोच स्टूलवाला येडा! तुले बाजारात भेटला होता ना हा? खरंच तू गेली होती काय व बँकेत, खरं सांग!"

अख्खी जीप वळली. मी दाराले लटकलेला. वाटलं, झालं. सगळं परत सुरू.

मैनाबाईनं माह्याकडे पायलं. नीट, वरून खाली. जसं म्हशीचा सौदा कराले आली. मग म्हणाली, "असंल बाई कोनी. मी काई याले पायलं नाई."

अन् थैलीतून भाजलेल्या हरभऱ्याची मूठ काढली. पहिले पार्बताबाईले देली. मग मागच्या बाईले, तिच्या लेकराले. मग माह्याकडे हात केला.

"घे बाप्पा. कोन्या गावचा तू?"

मी हरभरे घेतले. म्हटलं, "फिरता आहो मावशी. तुमाले पहिल्यांदाच पाहून राहिलो."

"हाव," ती म्हणाली, "मी बी."

दर्यापूरले उतरल्यावर ती मागं न पाहता बाजारगल्लीनं निघून गेली. लग्नाचा मांडव दुसऱ्या बाजूले होता. पार्बताबाई इचारत होती, मैना गेली कुठं? मी वांगी पाहत राहिलो.

तुझा,
नितेश